दान कोणाचे, खजिना कोणाचा?

श्रोतेहो, इतिहास शिकविताना मला एक अनुभव वर्षानुवर्षे येत गेला. मुलांना लढाया आवडतात, तह तितकेसे आवडत नाहीत आणि जमाखर्च तर मुळीच आवडत नाही. परंतु एखाद्या राज्याचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याच्या जमाखर्चाची वही उघडण्यासारखा दुसरा मार्ग नाही. आज आपण अशाच एका वहीतील एकच सदर पाहणार आहोत. ते सदर म्हणजे परमुलखास दिलेले साहाय्य.

हल्ली वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळते, की अमुक देशाने तमुक देशास विकासासाठी इतकी रक्कम दिली. देणारे देश मोठेच असतात असे नाही. नॉर्वे, डेन्मार्क, लक्झेंबर्ग हे नकाशावर शोधावे लागणारे देश या कामी मोठमोठ्यांना मागे टाकतात. १९७० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने असा ठराव केला, की संपन्न राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा सात दशांश, म्हणजे हजारी सात, इतका भाग गरीब राष्ट्रांस द्यावा. मोठ्यांपैकी बहुतेकांनी तो आकडा कागदावर ठेवला. या लहानांनी तो पाळून दाखविला. तेव्हा लहान देशाने दुसऱ्यास का द्यावे, किती द्यावे आणि कोणाच्या संमतीने द्यावे, हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

आमच्या नांदेड-लातूरच्या श्रोत्यांना वाटेल की या प्रश्नाशी आपला संबंध काय? संबंध फार निकटचा आहे. आपले आजे-पणजे ज्या राज्याचे रयत होते, ते हैदराबादचे संस्थान स्वतःस जवळजवळ एक देशच समजत असे, आणि ते बाहेर देणगी, वर्गणी व कर्ज देत असे. पुढे १९९३ साली याच भूमीवर असा प्रसंग आला, की तिला जगाकडून घ्यावे लागले. देण्याचे व घेण्याचे, असे दोन्ही अनुभव एकाच मुलखाच्या पदरी असणे विरळा. म्हणून या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार इतरांहून थोडा अधिकच आहे.

प्रथम त्या राज्याचा विस्तार ध्यानात घेऊ. हैदराबाद संस्थानाचे क्षेत्रफळ ८२,००० चौरस मैलांहून अधिक होते. डेन्मार्कसारखे चार देश त्यात सहज मावले असते. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या १ कोटी ६० लाखांवर होती. वार्षिक महसूल अखेरच्या काळात सुमारे २६ कोटी रुपये होता. स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज आणि स्वतःचे नाणेही होते. त्या हाली शिक्क्याच्या सात रुपयांस इंग्रजी सहा रुपये मिळत, हा हिशेब आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांच्या जिभेवर असे. या राज्यात मराठी भाषेचे पाच जिल्हे होते. त्या वेळच्या नावांनी सांगावयाचे तर औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर हा तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबादेतील एक तालुका होता; उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात मोडत. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली.

आता वहीचे पान उलटू. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत बाहेर गेलेल्या द्रव्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार धर्मबंधुत्वाचा व विद्याप्रेमाचा, दुसरा साम्राज्यनिष्ठेचा आणि तिसरा राजकारणाचा.

पहिल्या प्रकारात काही देणग्या खरोखर उदार आहेत. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या नव्या प्रजासत्ताकाने खिलाफत मोडली व शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांस देशाबाहेर घालविले. ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथे राहिले. त्यांस निजामांनी दरमहा ३०० पौंडांची नेमणूक करून दिली. पुढे १९३१ साली याच खलिफांची कन्या दुर्रुशेहवार निजामांच्या थोरल्या पुत्रास दिली गेली. जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीच्या जीर्णोद्धारासही हैदराबादेहून मोठी देणगी गेली. लंडनमध्ये मशीद उभारण्यासाठी १९२०-३० च्या दशकात ६०,००० पौंड देण्यात आले. एक रुपयास दीड शिलिंग हा त्या वेळचा भाव धरला, तर ही रक्कम ८ लाख रुपये होते, आणि खलिफांची नेमणूक दरमहा ४,००० रुपये पडते.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. निजामांचे दान केवळ स्वधर्मीयांपुरते होते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयास त्यांनी साहाय्य दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी कित्येक वर्षे दरसाल १,००० रुपये आणि अतिथिगृहासाठी वेगळी रक्कम दिली. ते अतिथिगृह पुण्यात निजामांच्याच नावाने ओळखले जाते. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले गेले, तेही याच राज्याच्या खर्चाने. इतिहासाच्या शिक्षकाने अप्रिय राजवटीच्या खात्यावरील जमाही वाचून दाखविली पाहिजे. नाहीतर त्याने खर्चाच्या बाजूविषयी बोलू नये.

दुसरा प्रकार साम्राज्यनिष्ठेचा. पहिल्या महायुद्धात निजामांच्या द्रव्यातून इंग्रजांच्या हवाई दलाची विमाने घेतली गेली व त्या ११० क्रमांकाच्या तुकडीस हैदराबादचे नाव मिळाले. १९१८ साली निजामांस इतर कोणाही संस्थानिकास नसलेली मोठी पदवी आणि ‘विश्वासू मित्र’ हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात १५२ व २५३ क्रमांकांच्या तुकड्यांना हैदराबादचे नाव लागले. ऑस्ट्रेलियाच्या आरमारातील एका विनाशिकेचे नावच ‘निजाम’ असे होते. नांदेडच्या कापसाच्या व लातूरच्या गळिताच्या शेतसाऱ्यातील काही आणे अशा रीतीने युरोपच्या आकाशात व दूरच्या समुद्रांवर पोहोचले, ही गोष्ट त्या शेतकऱ्यास कोणी कळविली नसावी.

कोणी म्हणेल, हे दान निजामांच्या खाजगी संपत्तीतून झाले असेल. त्याची चिकित्सा कशाला? या आक्षेपाचा विचार करू. त्या राज्यात जमिनीचे ठळक तीन भाग होते. एक दिवाणी, म्हणजे सरकारी खालसा मुलूख, दुसरा जहागिरींचा, आणि तिसरा ‘सर्फ-ए-खास’, ज्याचे उत्पन्न थेट निजामांच्या खाजगीकडे जाई. हा तिसरा भाग संपूर्ण राज्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका होता. म्हणजे ज्यास खाजगी म्हणावयाचे, तेही शेवटी कुळांनी भरलेल्या शेतसाऱ्याचेच द्रव्य. राजाच्या दोन खिशांपैकी पैसा कोणत्या खिशातून निघाला, हा भेद हिशेबनिसास महत्त्वाचा असेल. सारा भरणाऱ्यास दोन्ही खिसे एकाच अंगरख्याचे दिसत.

तिसरा प्रकार राजकारणाचा, आणि आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. हैदराबाद त्यात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदी सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. यानंतर थोड्याच दिवसांत, १९४८ च्या आरंभी, असे उघडकीस आले की हैदराबादच्या सरकारने पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आहे. तेही रोख नव्हे, तर हिंदी सरकारच्याच कर्जरोख्यांच्या रूपाने.

त्या वेळची परिस्थिती पाहा. फाळणीच्या वाटणीत पाकिस्तानच्या वाट्यास ७५ कोटी रुपयांची रोख शिल्लक आली होती. त्यातील २० कोटी आरंभीच दिले गेले होते. उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या युद्धामुळे अडविण्यात आले आणि महात्माजींच्या उपोषणाच्या दिवसांत, जानेवारी १९४८ च्या मध्यास, देण्याचे ठरले. अशा चणचणीच्या वेळी हैदराबादचे २० कोटी म्हणजे नव्या राष्ट्रास मोठाच आधार होता. हैदराबादच्या वतीने सांगण्यात आले, की हा व्यवहार ‘जैसे थे’ करारापूर्वीच ठरला होता. हिंदी सरकारने त्यास तीव्र हरकत घेतली. अखेर करार चालू असेतोवर पाकिस्तानने हे रोखे वटवू नयेत, अशा तडजोडीवर बोलणे आले.

आता शाळेतल्याप्रमाणे थोडे गणित करू. २० कोटींस १ कोटी ६० लाखांनी भागले असता माणशी साडेबारा रुपये येतात. पाच माणसांच्या कुटुंबास साडेबासष्ट. राज्याचा वार्षिक महसूल २६ कोटी. म्हणजे बारा महिन्यांपैकी नऊ महिन्यांहून अधिक काळचे उत्पन्न एका सहीने परराष्ट्रास देऊ केले गेले. हे रोखे पूर्वी साठविलेल्या शिलकेतील होते, त्या वर्षीच्या साऱ्यातील नव्हते, हे खरे. परंतु शिल्लक म्हणजे तरी काय? आधीच्या वर्षांत रयतेवर जे खर्च झाले नाही, तेच शिलकेत पडते.

आणि रयतेवर काय खर्च झाले नव्हते, हे आपल्या दोन जिल्ह्यांइतके कोण जाणतो? एकच उदाहरण देतो. मांजरा नदी बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूरच्या शिवारातून वाहते, पुढे बिदर व तेलंगणात जाते आणि वळसा घेऊन नांदेडच्या सीमेवर गोदावरीस मिळते. या नदीवर निजामाच्या सरकारने निजामसागर हे मोठे धरण बांधले. ते १९३१ साली पुरे झाले. काम उत्तम झाले, यात शंका नाही. परंतु त्याचे कालवे तेलंगणातील भातास व उसास मिळाले. ज्या मराठी तालुक्यांतून ती नदी येते, त्यांच्या ज्वारी-तुरीस त्याचा थेंबही लाभला नाही. मराठवाड्यात त्या राजवटीत त्या तोलाचे एकही धरण झाले नाही; पूर्णेवरील येलदरी-सिद्धेश्वर आणि गोदावरीवरील जायकवाडी ही कामे झाली ती स्वातंत्र्यानंतर.

शिक्षणाची गोष्ट अशीच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि हिंदी भाषेपैकी एका भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना विद्येच्या दारी जाण्यापूर्वी दुसऱ्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. संस्थानाच्या अखेरच्या काळातही साक्षर माणसे शंभरांत दहासुद्धा नव्हती. अंबाजोगाई, हिप्परगे अशा ठिकाणी लोकांनी वर्गणी काढून राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा चालविल्या. ज्यांच्या साऱ्यातून परमुलखांतील इमारती उठल्या, त्यांना स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठी पुन्हा वर्गणी काढावी लागली.

मग रयतेने विचारले का नाही, असा प्रश्न सहज मनात येतो. विचारावयाचे कोठे? १९२९ च्या सुमारास ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ म्हणून प्रसिद्ध असलेले फर्मान निघाले होते. त्याअन्वये सभा घ्यावयाची तर आधी सरकारची परवानगी काढणे भाग होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस जन्मास येताच तिच्यावर बंदी आली. ती उठली १९४६ मध्ये. खजिन्यावर लोकनियुक्त प्रतिनिधींचा अधिकार असा कधीच नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे जे विचारीत, त्यांचा मुक्काम बहुधा तुरुंगात असे. अशा स्थितीत लोकांनी आपले म्हणणे कोणत्या रीतीने मांडले, त्याचा एक दाखला नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे मिळतो. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला व लाखो रुपये लढ्यासाठी नेले. ज्या महिन्यांत वीस कोटींच्या कर्जाचा वाद दिल्ली-हैदराबादेत पेटला, त्याच दिवसांतील ही गोष्ट. छापा घालणे हा काही अंदाजपत्रकावर मत देण्याचा योग्य मार्ग नव्हे. परंतु ज्या राज्यात दुसरा मार्गच ठेवलेला नसतो, तेथे खजिन्याविषयीचा प्रश्न अखेर तिजोरीच्या दाराशीच विचारला जातो.

या पानावरची शेवटची नोंद सर्वांत विलक्षण आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा हैदराबादेत शिरल्या व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्याच दिवसांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील निजामाच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड व ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे तेथील हायकमिशनर हबीब इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या नावे गेली. ती निजामाचे अर्थमंत्री मोईन नवाज जंग यांच्या सूचनेवरून गेली होती. निजामाने लागलीच, त्याच महिन्यात, ती परत मागितली. बँकेने पैसे अडकवून ठेवले. खटला इंग्लंडच्या उमरावांच्या सभेपर्यंत गेला आणि परराष्ट्राच्या सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर १९५७ साली तेथेच अडला. निजाम १९६७ साली वारले. पैसे मात्र व्याजासह वाढत राहिले. शेवटी २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, की ही रक्कम सातव्या निजामांचीच होती आणि त्यांच्या पश्चात हक्क सांगणारे वारस व भारत सरकार यांस ती मिळावी. शस्त्रांच्या किमतीपोटी ती आपणास मिळाली होती, हे पाकिस्तानचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. एका सहीने गेलेले द्रव्य परत यावयास ७१ वर्षे लागली.

येथे विचारी श्रोता विचारील, की गुरुजी, तुमचे तात्पर्य असे का, की ज्याच्या घरी दारिद्र्य आहे त्याने दुसऱ्यास देऊच नये? तसे माझे म्हणणे मुळीच नाही. घरची ददात संपेपर्यंत दान थांबवावयाचे ठरविले, तर जगात कोणीच कोणास काही देणार नाही. आपल्याकडे भाकरीतील चतकोर अतिथीस देणारी माणसे श्रीमंत नव्हती. दोष देण्यात नाही. दोष आहे तो दुसऱ्याच्या ताटातील भाकरी त्यास न विचारता उचलून दिल्याचा.

तुलनेसाठी नॉर्वेचे उदाहरण घेऊ. १९५२ साली या देशाची लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती, म्हणजे हैदराबादच्या पाचव्या हिश्शाइतकी. तो श्रीमंतही नव्हता. जर्मनांच्या ताब्यातून सुटून सात वर्षे झाली होती आणि तो स्वतः अमेरिकेकडून मार्शल योजनेचे साहाय्य नुकतेच घेत होता. अशा देशाच्या पार्लमेंटाने ठरविले, की आपणही दुसऱ्यास काही दिले पाहिजे. त्यांनी निवडला तो आपलाच देश. १९५२ मध्ये हिंदुस्थान, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि त्रावणकोर-कोचीनमध्ये कोल्लमजवळ नीण्डकरा येथे कोळ्यांसाठी यांत्रिक होड्या, बर्फाचे कारखाने, दवाखाना व पाणीपुरवठा यांची योजना सुरू झाली.

ही योजना निर्दोष ठरली असे समजू नका. होड्यांना यंत्रे आली, कोळंबी परदेशी जाऊ लागली, पैसा आला. परंतु तो पुष्कळसा भांडवलवाल्यांच्या हाती गेला आणि लहान होडीचा कोळी मागे पडला. पुढे यांत्रिक ट्रॉलर व साधे कोळी यांचे तंटे इतके वाढले, की १९८८ पासून केरळात पावसाळ्यात ट्रॉलरवर बंदी घालावी लागली. तथापि फरक ध्यानात घ्या. नॉर्वेमध्ये या चुकांची चर्चा पार्लमेंटात, वर्तमानपत्रांत व विद्यापीठांत उघडपणे झाली. करदात्याने विचारले, ‘आमच्या पैशाचे काय झाले?’ आणि सरकारला उत्तर द्यावे लागले. त्या उत्तरांतूनच त्या देशाचे पुढील धोरण घडले. चूक हैदराबादनेही केली व नॉर्वेनेही केली. पण एका ठिकाणी चुकीस प्रश्न विचारणारा धनी होता, दुसऱ्या ठिकाणी तो नव्हता.

आता घेण्याची बाजू पाहू. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची धामधूम नुकतीच संपली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी व सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचे मान ६.२ होते, तेवढ्या धक्क्याने इतका संहार इतरत्र क्वचितच होतो. येथे तो झाला, कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर उन्हाळ्यातही गारवा देणारे मातीचे जड माळवद अशी आपली घरे होती. जे छत पिढ्यान्‌पिढ्या सावली देत आले, तेच अंगावर आले. त्या आठवड्यात नांदेडच्या शाळाशाळांतून आम्ही शिक्षकांनी व मुलांनी धान्य, कपडे व घोंगड्या गोळा केल्या. चार आणे, आठ आणे आणणाऱ्या मुलांची नावेही वहीत लिहून ठेवली होती.

मदत देशभरातून आली, तशीच परदेशांतूनही आली. पुनर्वसनाच्या मोठ्या कार्यक्रमास जागतिक बँकेने सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचे दीर्घ मुदतीचे, नाममात्र आकारणीचे कर्ज मंजूर केले. ब्रिटनचे सरकार व संयुक्त राष्ट्रसंघाची विकाससंस्था यांनीही साहाय्य दिले. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पुष्कळ गावे देशातील संस्थांनी, उद्योगांनी व दुसऱ्या राज्यांनी दत्तक घेतली. याखेरीज अनेक जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या घरात पडझड झालेली घरे जागच्या जागी दुरुस्त किंवा मजबूत करण्यात आली.

या कार्यक्रमाचे दोन भाग होते आणि त्यांतील फरक आपल्या विषयास फार उपयोगी आहे. नव्या गावठाणांत घरे आखली गेली ती बहुतेक वरून. भूमिहीनांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्या जमीनदारास ७५० असे माप जमिनीच्या प्रमाणात ठरले. म्हणजे भूकंपाने सर्वांस एका पातळीवर आणले आणि पुनर्वसनाने पुन्हा पायऱ्या बांधल्या. रुंद सरळ रस्ते झाले, शहरी चौकटीची गल्ली झाली. पण गुरांचा गोठा, वैरणीची जागा, भावकीचा वाडा, पारावरची बैठक यांचा विचार पुष्कळ ठिकाणी राहून गेला. ज्यांनी दिले त्यांची भावना शुद्ध होती. घेणाऱ्यास कसे घर हवे, हे मात्र पुरते विचारले गेले नाही.

दुरुस्तीच्या कामाची रीत वेगळी होती. तेथे घरधन्यास हप्त्याहप्त्याने पैसे व सामान मिळे आणि काम त्याने स्वतः करून घ्यावयाचे, अभियंत्याने तपासावयाचे, अशी व्यवस्था होती. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. कोणास कोणता हप्ता मिळाला, सिमेंटची पोती किती आली, भिंतीत लांब दगड घातला की नाही, हे त्या विचारू लागल्या. ज्या बायकांनी तहसिलाची पायरी कधी चढली नव्हती, त्यांनी साहेबासमोर वही उघडून हिशेब मागितला. मला विचाराल तर किल्लारीच्या पुनर्वसनातील सर्वांत पक्के बांधकाम हेच. निजामाच्या कारकिर्दीत जो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, तोच प्रश्न, ‘पैसा कोठे गेला?’, त्याच भूमीतील स्त्रिया आता भर गावात विचारीत होत्या.

पुढे २००३ साली भारत सरकारने असे धोरण जाहीर केले, की मोजक्या मोठ्या राष्ट्रांखेरीज इतर देशांकडून सरकारने थेट साहाय्य घेऊ नये. त्यांनी हवे तर सेवाभावी संस्थांमार्फत किंवा राष्ट्रसंघामार्फत द्यावे. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्ज यांसारखे जुने स्नेही यामुळे बाजूस पडले. पुढील वर्षी हे धोरण काहीसे सैल करण्यात आले. स्वाभिमान म्हणून हे अनेकांस आवडले. काहींस असे वाटले, की लहान देशाची लहान मदत पुष्कळदा अधिक काळजीने दिलेली असते. दोन्ही मतांत तथ्य आहे. भारत स्वतः तोवर देणारा झालाच होता. भूतानची १९६१ मधील पहिली पंचवार्षिक योजना भारताच्याच पैशाने उभी राहिली. १९६४ पासून परदेशांतील हजारो लोकांस भारताने तांत्रिक शिक्षण दिले आहे. म्हणजे नांदेड-लातूरचा करदाता आजही परमुलखास देतच आहे. आजोबांच्या व त्याच्या स्थितीत फरक इतकाच, की त्याच्या हाती मत आहे, संसद आहे आणि माहिती मागण्याचा कायदाही आहे. हा फरक थोडा नव्हे. परंतु हत्यार असून ते वापरले नाही, तर ते खुंटीवर टांगलेल्या तलवारीसारखे शोभेपुरते राहते.

श्रोतेहो, या साऱ्या हिशेबावरून मी चार प्रश्न काढले आहेत. कोणत्याही देशाने केलेल्या कोणत्याही साहाय्यास ते लावून पाहावेत. पैसा कोणाचा? देण्यास संमती कोणाची? ज्यास दिले, त्यास काय हवे ते विचारले का? आणि हिशेब कोणापुढे मांडला? वीस कोटींच्या कर्जास यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘रयतेचा’ असे होते आणि उरलेल्या तिहींस उत्तरच नव्हते. नॉर्वेने तीन प्रश्नांची उत्तरे दिली, तिसऱ्याचे अर्धेच दिले आणि त्याची किंमत लहान होडीच्या कोळ्याने मोजली. किल्लारीस नव्या गावठाणांत तिसरा प्रश्न चुकला, दुरुस्तीच्या गावांत तो सुटला.

देशाचा मोठेपणा त्याने किती दिले यावरून मोजण्याची चाल आहे. ती सोडावी असे मी म्हणत नाही. मात्र त्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा आणि त्यात देण्यापूर्वी किती जणांस विचारले, हे लिहिलेले असावे. शाळेतील मुलाने आणलेल्या चार आण्यांपुढे त्याचे नाव असते, म्हणून ते चार आणे दान होय. ज्या रकमेपुढे देणाऱ्याचे नावच लिहिलेले नाही, ती कितीही मोठी असली तरी तिला खर्च म्हणता येईल. दान हा शब्द तिला शोभत नाही.